नर्सबाईंची जास्तीची रक्कम आणि कामठीची किल्ली

सिंगापूर, १६ एप्रिल

आदरणीय सुरेशदादांस,

धाकट्या प्रफुल्लचा सविनय जय भीम. भावनावहिनींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका म्हणावं, आणि तुम्हीही वरच्या मजल्यावरून हाका मारू नका. इकडे मी, रुपाली आणि आई खुशाल आहोत. आईचं वजन तीन महिन्यांत दोन किलोंनी वाढलं. (रुपाली म्हणते, हवा मानवली. ही हवा आमच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये नारळाच्या दुधातल्या भाताबरोबर मिळते.) कामठीचं आईचं घर एक मेपासून कोचिंग क्लासवाल्यांना भाड्याने द्यायचं तुम्ही ठरवलंय आणि माझा होकार मागितलाय. पंधरा दिवस उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. रागवा, पण आधी कारण ऐका.

तुम्ही गावभर सांगता की आमचा प्रफुल्ल कॉम्प्युटरमध्ये मोठा साहेब आहे. खरं सांगायचं तर मी इथल्या पाया लेबार भागात सोळाव्या मजल्यावर बसून अमेरिकेतल्या लोकांच्या म्हातारपणाच्या पैशांच्या फायली सांभाळतो. तिकडे पगारातून दोन तऱ्हांनी पैसे साठवता येतात. एक, कर न भरता आत्ता ठेवायचे आणि म्हातारपणी काढताना कर भरायचा. दुसरी तऱ्हा रॉथ नावाची: कर आधीच भरून टाकायचा आणि म्हातारपणी निवांत खायचं. दोन्ही मिळून वर्षाला किती ठेवायचे याला सरकारी मर्यादा आहे. (आपल्याकडे साठवलं नाही म्हणून बोलणी खावी लागतात, तिकडे जास्त साठवलं म्हणून.) मर्यादेवर गेलेली रक्कम पुढच्या पंधरा एप्रिलपर्यंत ज्याची त्याला परत करावी लागते, आणि तीही तिच्यावर जे काही वाढलं असेल त्यासकट. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, तसंच. तारीख चुकली तर त्याच पैशावर दोनदा कर बसतो.

तर ओहायोच्या एका नर्सबाईंची फाइल माझ्याकडे आली. वय एकसष्ट. बाईंनी वर्षाच्या मध्यात हॉस्पिटल बदललं. जुन्या हॉस्पिटलने पगारातून पैसे कापले, नव्यानेही कापले. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं, बाईंच्या भल्याचंच होतं, पण एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. बेरीज मर्यादेबाहेर गेली. बाईंनी अर्ज वेळेवर पाठवला, पण कुठल्या डब्यातून पैसे परत हवेत, रॉथमधून की दुसऱ्यातून, तो चौकोन कोराच सोडला.

इथे माझं चुकलं, दादा. मी तो चौकोन स्वतःच भरला. फोन करून विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण आपल्या घरात विचारून वाढणं म्हणजे न वाढण्यातच जमा. पाहुणा ‘नको’च म्हणणार, म्हणून आपण न विचारता दोन पोळ्या ताटात टाकतो. मी विचार केला, रॉथचा कर बिचारीने भरूनच टाकलाय, ते म्हातारपणासाठी राहू दे, दुसऱ्यातून काढू. इतकं छान भलं केल्यावर मी खुशीत कॉफी प्यायलो. तेरा तारखेला आमच्या साहेबीण मिस लिम यांनी फाइल उघडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हर मनी, यू डिसाइड फॉर व्हॉट? आस्क हर, लाह!” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

चौदाला तर माझी जयंतीची रजा. सकाळपासून तीनदा फोन लावला, बाई रात्रपाळीला. संध्याकाळी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून हॉलमध्ये गेलो, वंदना झाली, भाषणं झाली (एक माझंच होतं, त्यामुळे लांबलं), आणि सात वाजता मी हातात खिरीचं पातेलं घेऊन पंगतीत उभा असताना फोन वाजला. ओहायोत सकाळ झाली होती, बाई ड्यूटीवरून घरी आल्या होत्या. पातेलं आईच्या शेजारी ठेवून मी तिथेच बसून त्यांना दोन्ही डबे समजावले. बाई शांतपणे म्हणाल्या, रॉथमधून दे. त्याच्यावर कर भरून झालाय, मुद्दल सरळ हातात येईल आणि मला घराचं छप्पर दुरुस्त करायचंय. म्हातारपणाचं काय, असं मी विचारलं, तर हसून म्हणाल्या, बाबा, छपराखालीच तर म्हातारी होणार आहे मी. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर खूण केली, मिस लिमनी पंधराला पैसे रवाना केले, आणि माझी नोकरी व इथे राहायचा पास दोन्ही शाबूत राहिले.

आईने सगळं ऐकलं होतं. ती बाई काय म्हणाली, असं आईने विचारलं तेव्हा मी मराठीत सांगितलं. आईने खिरीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “तिले इचारलं, बरं केलं. मले कोनं इचारलं?”

दादा, मला तिच्याकडे बघवेना. तीन महिने माझ्याकडे, नऊ महिने तुमच्याकडे, हे आपण दोघांनी फोनवर वीस मिनिटांत ठरवलं होतं. दोघांनीही तिचं भलंच केलं. वहिनींना नमस्कार.

आपला,
प्रफुल्ल

ता. क. मग मी आईला विचारलं. तिला ना तुमची वरची खोली हवी आहे, ना माझी एअर कंडिशनवाली. तिला कामठीचं तिचं घर हवंय, विहाराची घंटा ऐकू येते ते. येत्या रविवारी आम्ही दोघं नागपूरला उतरतोय. क्लासवाल्यांना नाही म्हणा आणि किल्ली घेऊन विमानतळावर या.

ता. क. २. त्यांचा ॲडव्हान्स तुम्ही घेतला असेल तर परत करा. वाढीव काही द्यावं लागलं तर ते मी देतो.

ता. क. ३. हे पत्र आईने माझ्याकडून वाचून घेतलं. ती म्हणते, एवढं लांबण लावायची गरज नव्हती, किल्ली तिच्याकडेच आहे. तुमच्याकडे आहे ती गोठ्याची.