जेवायला बसलेला पुतळा

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (सातव्या महिन्यात साष्टांग कसला घालतेस, म्हणशील, आठांपैकी जमतील तेवढी अंगं धर.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? आणि आमची भिंगरी? शाळेत बाकावर बसते, की अजून बाकालाच तिच्यामागे धावावं लागतं? माझी काळजी करू नकोस. मी अगदी चारीठाव जेवते.

न जेवून सांगते कोणाला? भिंगरीचं लक्ष एका जागी ठरत नाही, हा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून आत्याने साऱ्या नातेवाइकांत दवंडी पिटली आहे, की तू पोटुशी असताना नीट खाल्लं नाहीस म्हणून पोर अशी झाली. त्याच तोंडाने ती मला रोज फोन करून किती अंडी खाल्ली ते विचारते. (कोंबडीसुद्धा एवढा हिशेब ठेवत नसेल.) मी आपली पालेभाजी, डाळ, दूध, लोहाच्या गोळ्या असं सगळं मांडून बसते आणि घर इतकं गप्प असतं, की माझं चावणं मलाच ऐकू येतं. ह्यांना सांगून उपयोग नाही. ते तिकडे जहाजावर चाळीस जणांना रांधून वाढताहेत.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, कोणाच्या तरी सोबतीने जेवत जा, दोन घास जास्त जातात. सोबत आणू कुठून? घरात होता तो कोट बेतायचा पुतळा. (शिंप्याच्या दुकानातलं शिवणकाम घरी आणल्याचा हा फायदा.) त्याला डोकं नाही, पण आपल्या घराण्यात त्यावाचून कोणाचं अडलंय? दांडा काढून त्याला समोरच्या खुर्चीत टेकवला, अंगात गिऱ्हाइकाचा अर्धवट कोट होताच, मानेच्या खुंटावर ह्यांची टोपी घातली आणि पुढे ताट वाढलं. खरं सांगते, बरं वाटलं. बिचारा मीठ कमी आहे म्हणत नाही.

समोर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना पडद्याआडून दिसली ती फक्त त्याची पाठ. त्यांना वाटलं, नवरा आला. आधी कौतुकाने बघत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की अवघडलेली बायको वाढते, तीच उठते, तीच भांडी उचलते आणि हा बाप्या ढिम्म! परवा त्या तरातरा आल्या आणि मागूनच त्याला फैलावर घेतलं, "अहो, लाज कशी वाटत नाही? उठा, निदान स्वतःचं ताट तरी उचला!" उत्तर मिळेना, तेव्हा खांद्याला धरून हलवलं. टोपी पडली, कोटाच्या टाचण्या बोटांत घुसल्या आणि बाईंनी अशी किंकाळी फोडली, की खालचा दुकानदार वर धावत आला. मी हसून हसून खाली बसले. हसताना रडू कधी फुटलं ते कळलंच नाही. बाई बोट चोखत उभ्या राहिल्या, मग मला पाणी दिलं आणि गेल्या.

काल मात्र मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, आईच्या खाण्याचा बाळावर परिणाम होतो, म्हणून नीट जेवायचं. पण मूल चंचल असण्याची कारणं पुष्कळ असतात, आणि एका बाईच्या ताटाकडे बोट दाखवून मोकळं व्हायला हा काही चोरीचा गुन्हा नाही. आत्यालाही मी हे ऐकवलं. तिला एकाएकी फोनवर काही ऐकू येईनासं झालं.

भिंगरीला पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. चारीठाव जेवते हे खोटं आहे. कोट पुरा झाला, पुतळा दुकानात परत गेला. घास उतरत नाही.

ता. क. आणखी एक. असं पोर पदरात असलेल्या आपल्यासारखीने पोटुशीच्या घरी जाऊ नये, लोक नावं ठेवतात, असं तू आईला म्हणालीस म्हणे. ठेवू देत. भिंगरीला घेऊन ये. तिने घर डोक्यावर घेतलं तर मला हवंच आहे.

ता. क. शेवटचा. बाळंतपणाला जवळ कोण असेल, असं नर्सबाईंनी विचारलं. मी पटकन म्हणाले, ताई. नक्की येतील ना, त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हणून बसले आहे, ताई.