खडकाला घातलेलं पाणी

२८ सप्टेंबर
साताऱ्याहून पहाटेची एस.टी., कराडपासून हणमंतच्या मोटारसायकलवर. ह. अभयारण्यात वनमजूर, आणि मी जाईन तेव्हा माझा वाटाड्या. कॉलेजातून निवृत्त झाले तरी मला 'बाई'च म्हणतो. सगळे विचारतात, शेवाळच बघायचं तर महाबळेश्वर काय वाईट? तिथे ते भिंतीवरही येतं. या गवताळ माळावर वर्षातला बराच काळ नुसतं ऊन. तरी ते जगतं कसं, हे मला बघायचंय.

आज बंधाऱ्यावरच्या कातळात, मूठभर मातीवर, तळहाताएवढा हिरवा ठिपका. रिक्सिया, मातीला चिकटून पसरणारं चपटं शेवाळ, नक्की. पण कुठली? माझ्या ओळखीतली नाही. बीजाणू पिकल्याशिवाय नाव सांगता येत नाही, आणि हे अजून कच्चे.

२० ऑक्टोबर
ठिपका वाळला. कडा आत वळून काळ्या दोऱ्यांसारखा झालाय. बीजाणू पिकायच्या आत ऊन लागलं. अख्खा माळ पालथा घातला, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे आता पुढचा पावसाळा. गुडघे तोवर साथ देतील तर.

निघताना ह.ला सांगितलं, हे बहुधा फक्त इथंच आहे, जपा. "बिनघोर जावा," म्हणाला.

१६ जानेवारी
ह.चा संक्रांतीचा फोन. वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे आधीच जाळून ठेवतात, त्यातून आमचा कातळ वगळला. भोवती दगडही रचले. फार बरं वाटलं. माणूस मनावर घेतो.

९ मे
पुन्हा ह. "बाई, अजून हिरवं हाय बरं का."
मे महिन्यात? तव्यावरची पोळी करपली. उद्याच जाते.

१० मे
गेले. होळीपासून ह. रोज सकाळी पाणवठ्यावरून कॅन भरून आणतो आणि घालतो. तुळशीला घालावं तसं. "तहानलं आसंल म्हनलं."

वाळून निजलेल्याला रोज उठवायचं आणि दुपारी उन्हात सोडून द्यायचं. किती दिवस तग धरणार? रिक्सिया कुजलीय. हिरवं दिसतं ती वर चढलेली दुसऱ्याच शेवाळाची बुळबुळीत साय. आणि ह.चा चेहरा केवढा फुललेला. कॉलेजात असते तर फाडून खाल्लं असतं. इथे, आता पाणी बंद करा, एवढंच म्हणाले.

"चुकलं का वं काय?"

पावसाळा जवळ आलाय म्हणून, म्हटलं. खोटं.

२ जून
राग जात नाही. त्याचा की माझा, तेही कळत नाही. कोरडं पडून राहणं हेच रिक्सियाचं जगणं. मला ते इतकं ठाऊक की सांगावंसं वाटलंच नाही. उसाच्या रानात वाढलेल्या माणसाला 'जपा' म्हटल्यावर तो दुसरं काय करणार.
फोन करावा का. काय सांगू पण

२१ जुलै
पाऊस भरपूर. माळभर दगडांवर मॉस मखमलीसारखं, ओळखीच्या रिक्सियाही जागोजाग. आमच्या कातळावर नुसती माती. ह. उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ज्याला म्या पानी घातलं न्हाई, त्ये समदं आलं."

आता खोटं बोलवेना. पाण्यानंच गेलं, म्हटलं. जपायचं म्हणजे हात लावायचा नाही, हे मी सांगायला हवं होतं. मातीत एखादा पिकलेला बीजाणू पडला असेल तर अजूनही येईल. असेल तर.

त्याने मान हलवली. परत येताना मोटारसायकल फार हळू चालवली. स्टँडवर चहा झाला, पैसे मला देऊ दिले नाहीत.

१८ ऑगस्ट
मीच फोन केला. काही दिसतंय का? तिकडे गेलोच नाही म्हणाला. गस्तीला वरच्या वाटेने जातो, लांब पडली तरी. आपली सावली पडून पुन्हा काही व्हायला नको, म्हणे.

नुसतं बघितल्याने काही होत नाही, हणमंत.

"मी एकटा न्हाई बगत बाई. तुमी या, मग दोगं बगू."

रविवारी येते म्हटलं. भिंग पुसून पिशवीत टाकलं, गुडघ्याचा पट्टाही.