आमच्या यंत्राचं स्लामेतान

कोटागडे, बुधवार

आदरणीय मास पांगिह यांना धाकटी चुलत बहीण वनिंग हिचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? सालातिगाची थंडी त्याला मानवते का? इकडे सगळे ठीक आहेत, शाळांचे संगणक सांभाळणाऱ्या आपल्या मंडळाचं संगणक-यंत्र सोडून. तुम्ही भांडून गेलात त्याला वर्ष होत आलं, पण यंत्राशी तुमचं भांडण नव्हतं, म्हणून लिहिते.

गुनुंगकिदुलच्या शाळांतल्या जुन्या संगणकांना सोमवारी सॉफ्टवेअरची नवी पॅकेजं पाठवायची आहेत. मुलांची परीक्षा संगणकावर आहे आणि जुन्या पॅकेजांवर ती उघडतच नाही. म्हणून पॅकेज बांधायची स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली. (जुनी तुमची, उत्तमच होती; पण तिच्यात काय चाललंय ते तुम्हाला आणि देवालाच ठाऊक, आणि तुम्ही सालातिगाला.) स्क्रिप्ट सुरू केली की यंत्र मान टाकायचं. मंडळातला तेजो म्हणाला, वीज. वायर बदलली. मग म्हणाला, उंदीर. शेवटी आपल्या धाकट्या काकूंनी, बुलिकनी, यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अंग तापलंय गं बिचाऱ्याचं. नवं काम काढलंत, स्लामेतानचं जेवण घातलंत का?" नव्हतं घातलं. मग पिवळ्या भाताचा डोंगर, अख्खी कोंबडी, शेजारीपाजारी आणि मशिदीच्या मोदिन काकांची दुआ. (काकांनी यंत्राचं नाव विचारलं. तेजोने त्याच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि सगळे 'आमीन' म्हणाले.) जेवणं झाली, मी बटण दाबलं, आणि यंत्र सगळ्यांदेखत गेलं. मोदिन काका उरलेला भात बांधून घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी घोळ सापडला. तयार पॅकेज कुठे ठेवायचं, एवढंच माझी स्क्रिप्ट सेटिंगच्या फाइलला विचारते. आता स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलची रीत तुम्हाला काय सांगायची, पण माझा राग निवावा म्हणून सांगते. तो फाइल वाचत नाही, चालवतो. बाजाराच्या यादीत तेल आहे का बघ म्हणावं, तर गडी सगळा बाजारच करून येतो. त्या फाइलच्या तळाशी तुमच्या हातची ओळ होती: यंत्र बंद कर. तुमची स्क्रिप्ट ती फाइल काम संपल्यावर वाचायची, म्हणून विजेची बचत व्हायची. माझी आधीच वाचते. आता मी तिला शिकवलंय की हवी ती सेटिंग तेवढी उचलायची, बाकी ओळींच्या वाटेला जायचं नाही. पॅकेजं बांधून झाली, मास. मला रडू आलं, तेजो हसला आणि बुलिकनी सगळं श्रेय कोंबडीला दिलं.

तुमची,
वनिंग

ता. क. शाळांचे संगणक अजून फक्त तुमची डिजिटल सही असलेलीच पॅकेजं घेतात. म्हणून तर वर्षभर काही पाठवता आलं नाही. शनिवारी या. बुलिक फणसाचं गुदेग करणार आहेत, आणि भांडणाचा विषय कोणी काढणार नाही. (तेजो काढेल. त्याला मी बघते.)

आणखी ता. क. जाताना तुम्ही म्हणाला होतात, माझं नाव आणि माझी सही आजच्या आज काढून टाका. कोणीच काढलेली नाही. काढून दुसरी घालता मात्र आम्हा सगळ्यांना येते.