बिननाडीचे बूट

प्रिय नंदिनी,

पहिल्या कागदावर सवयीने 'चि. सौ. नंदिनी' असं लिहून गेलो. मग ते 'सौ.' डोळ्यांसमोर आलं आणि कागद फाडून टाकला. दुसऱ्यावर नुसतं 'चि.' लिहिलं, तर ते फार उघडं वाटायला लागलं. म्हणून 'प्रिय' लिहिलं आहे. सुनेला प्रिय लिहिणारा सासरा मी तरी पाहिलेला नाही, पण तू समजून घे. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका होतील, त्याही समजून घे.

तू मागितलेल्या जुन्या सँडल या पार्सलात आहेत. त्यांच्याबरोबर सुती मोजे, मीठ-साखरेच्या पुड्या आणि माझा एक पंचा आहे. पत्र सँडलमध्ये ठेव, तिथे हरवणार नाही, असं अन्वीचं म्हणणं होतं. पण लिहिलेल्या कागदाला पायताण लागणं मला बरं वाटेना, म्हणून पंच्याच्या घडीत ठेवलं आहे. तो पंचा ओला करून डोक्यावर घेत जा. आणि खिशात एक कांदा ठेव. हे फोनवर सांगितलं तेव्हा अन्वी खो खो हसली आणि तिच्या जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. निहारने अर्थ सांगितला की कांद्याने ऊन लागत नसतं तर फ्रान्समध्ये सगळे कांदा घेऊनच फिरले असते. हसू दे तिला. किती दिवसांनी हसली. तू मात्र कांदा ठेव.

इथे हायडेलबर्गलाही उन्हाचा कहर आहे. सकाळीच खिडक्यांचे पोलादी पडदे खाली ओढून बसतो, घरात दिवसा अंधार. तू येईपर्यंत आमच्या सोबतीला बर्लिनहून आलेला तुझा भाऊ निहार त्या अंधारात लॅपटॉप घेऊन ऑफिस करतो आणि मी उगाच या खोलीतून त्या खोलीत जातो. बाल्कनीतली तुळस दोनदा पाणी घालूनही मान टाकते. सावलीत बसून आमचे हे हाल, तर तुझं तिथे काय होत असेल, याच्यापलीकडे माझं डोकं जात नाही. त्या फिजाक गावाहून तू फोन केलास तेव्हा म्हणालीस की पुढचा सगळा माळ आहे, खुरटी झाडं, दगड रचून केलेली कुंपणं, आणि दुपारी गावंच्या गावं दारं लावून चिडीचूप. चर्चलासुद्धा कुलूप. पाणी कुठे मिळतं विचारलं, तर म्हणालीस कबरस्तानात. गावाबाहेरच्या कबरस्तानात नळ असतो आणि यात्रेच्या वाटेने चालणारी माणसं तिथेच बाटल्या भरून घेतात.

नंदिनी, स्मशानातून आल्यावर आपण आंघोळ केल्याशिवाय घरातल्या भांड्याला हात लावत नाही, आणि तू तिथलं पाणी पितेस. जेवण गेलं नाही त्या दिवशी. नंतर मनाशी म्हटलं, मी जन्मभर कऱ्हाड नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलं. गल्लोगल्ली चाव्या फिरवत हिंडलो. ज्या घरी माणूस गेलेलं असेल त्या आळीला त्या दिवशी पाणी जास्त वेळ सोडायचो, कुणी सांगितलेलं नसताना. तिथल्या नळाची चावी फिरवणाराही असाच कुणीतरी असेल. पी तू ते पाणी. भरपूर पी. पण आधी बाटली विसळून घे.

तुझ्यापुढे चालणाऱ्या त्या बेल्जियमच्या गृहस्थांना चक्कर येऊन अँब्युलन्समधून न्यावं लागलं, हे तू निहारला सांगितलंस आणि मला सांगू नकोस म्हणालीस. त्याला लपवता येत नाही, त्याचा चेहराच सांगतो. त्यांचं पुढे काय झालं? चांगली बातमी असेल तरच कळव.

अन्वीचं बरं आहे. सोळा वर्षांची मुलगी, मी काय तिच्यावर लक्ष ठेवणार, तीच माझ्यावर ठेवते. मराठीत विचारतो, जर्मनमध्ये उत्तर येतं. रोज संध्याकाळी तुझा ठिपका फोनवर दाखवते, ममा इथे आहे म्हणून. ठिपका हलला नाही की मी तिला पुन्हा बघ म्हणतो, मग ती चिडते. परवा म्हणाली, "आजोबा, ममा इस्ट काइन किंड." ममा काही लहान मूल नाही म्हणे. मी गेनाऊ म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर. मला येणारा एक शब्द वापरला, तर तिने चिडणं सोडून माझ्या गालाचा मुका घेतला. अगदी तिच्या बाबासारखी, चारूसारखी मान वाकडी करून. मग दोघंही आपापल्या खोलीत गेलो.

चारूच्या टेबलावरची धूळ मी पुसतो. तू कधी सांगितलं नाहीस आणि कधी नकोही म्हणाली नाहीस. त्याच्या चष्म्याचं घर खणात आहे. फेब्रुवारीनंतर ते उचललं की आत काहीतरी गडगडायचं. चष्मा असा गडगडत नाही. चष्मा तर त्याच्याबरोबरच गेला, नदीकाठी सायकलवरून पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांवरच होता. मी ते घर कधी उघडलं नाही. जसं होतं तसं, काटकोनात, परत ठेवायचो. तू निघालीस त्या दिवशी दुपारी पुसायला उचललं, तर हलकं लागलं. हलवून पाहिलं. आवाज नाही.

तू निघायच्या आदल्या आठवड्यात जेवताना सांगत होतीस की या संत याकोबच्या यात्रेच्या वाटेवर लोक घरून एक दगड घेऊन निघतात. फ्रान्स ओलांडायचा, मग स्पेनमध्ये डोंगरावर एक लोखंडी क्रूस आहे, त्याच्या पायथ्याशी तो ठेवायचा, म्हणजे मनावरचं ओझं उतरतं. तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी तुला हे सांगितलं होतं. अन्वी म्हणाली, मी तुला बागेतला छानसा देते. तू म्हणालीस, आहे माझ्याकडे. मी ताटात बघून आमटी-भात कालवत राहिलो.

कारण मला माहीत होतं. त्या दिवसापासूनच माहीत होतं.

इथे कसं सगळं झालं ते तुला मी काय सांगायचं. अग्नी द्यायला उभं राहू देत नाहीत, मडकं नाही, काही नाही. कितीतरी दिवस नुसतं थांबायचं आणि मग दहनाची तारीख येते. कऱ्हाडचे गुरुजी फोनवरून म्हणाले, त्या आवारातला एखादा खडा उचला, तोच जीवखडा. अन्वीने वाटेवरच्या रेतीतून उचलला, करड्या रंगाचा, वर एक पांढरी शीर असलेला. अस्थी इथल्या कायद्याने कबरस्तानातच ठेवाव्या लागल्या. मी शोभनाला प्रीतिसंगमावर पोचवलं, दोन नद्यांच्या मध्ये, आणि तिच्या मुलाच्या अस्थी तेवढ्याशा जागेत, वर गवत. आपल्या हातात काय राहिलं, तर तो एक खडा. दहा दिवस तोच चारू होता. त्याला पाणी घातलं, त्याच्यापुढे दिवा लावला.

दहाव्याला नेकार नदीच्या काठावर थंडीने माझे दात वाजत होते. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता, गुरुजींचा आवाज मध्येच तुटायचा. पिंड मांडले आणि आपण लांब जाऊन उभे राहिलो. इथले कावळे जाडजूड, काळेकुळकुळीत. झाडावर बसून बघत होते, खाली कुणी येईना. त्यांना आपल्या भाताची काय ओळख? अन्वी म्हणाली, बाबाचं आयुष्य चांगलंच चाललं होतं, त्याची काय इच्छा राहणार? मी म्हणालो, अन्वीचं शिक्षण नीट करू. कावळा हलला नाही. मी म्हणालो, घराचे हप्ते फिटतील. नाही. मग तू हात जोडलेस, डोळे मिटलेस आणि मोठ्याने म्हणालीस, "चारू, अण्णांना मी अंतर देणार नाही. शेवटपर्यंत ते माझ्याजवळ राहतील." आणि पंखांचा आवाज आला. तू डोळे उघडलेस तेव्हा कावळ्याची चोच पिंडाला लागलेली होती. तू तिथेच खाली बसलीस आणि रडलीस. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

मग खडा नदीत सोडायचा होता. मी सांगितलं, पाण्याकडे पाठ कर, खांद्यावरून मागे टाक आणि वळून बघू नकोस. तू काठाशी गेलीस. तिथे खाली वाकलीस, बुटाची नाडी बांधायला वाकावं तशी. मग उठलीस, पाठ केलीस, टाकलंस. पाण्यात डुबुक झालं. सगळं नीट झालं. पण नंदिनी, तुझ्या बुटांना नाडीच नव्हती. ते चेनचे बूट होते.

घरी येताना तुझी मूठ कोटाच्या खिशात होती आणि ती तू ट्राममध्येसुद्धा बाहेर काढली नाहीस. लोक सांगतात की खडा सोडला नाही तर जीव अडकून राहतो. मी रात्रंदिवस ती भीती घेऊन राहिलो. आणि खरं सांगू का, चष्म्याच्या घरात गडगडलं की बरंही वाटायचं. अडकला असेल तर घरातच अडकला आहे ना, एवढं वाटायचं. बाप असं म्हणतो, म्हणजे बघ.

आता तो खडा तुझ्या पाठीवरच्या पिशवीत आहे. तू तो स्पेनपर्यंत नेणार. पायाला फोड, वर आग, पाणी कबरस्तानातलं, आणि अजून सगळा माळ पुढे आहे. विश्रांतीसाठी दोन दिवस काओरला थांबणार म्हणालीस, त्याच पत्त्यावर हे पार्सल येतं आहे. त्याच्यापुढे तू का चालणार आहेस हे निहारला कळत नाही, अन्वीला कळत नाही. मला कळतं. म्हणून फोनवर नुसतं पाणी प्यायलीस का, एवढंच विचारत राहतो.

एक गोष्ट निहारच्या तोंडून निघून गेली, त्याला रागावू नकोस. बर्लिनच्या त्या कामाबद्दल. तुला मोठं पद देत होते, भाऊ तिथे, अन्वीलाही पुढे शिकायला तिथेच जायचं आहे. तू त्यांना नाही कळवलंस. तो म्हणाला, ताईचं एकच, अण्णा इथे रुळलेत, अण्णांची कागदपत्रं इथल्या कचेरीत अडकलीत, अण्णांना आता कुठे हलवू. माझ्या मुक्कामाचा परवाना वाढावा म्हणून तू त्या आउसलेंडरबेहोर्डमध्ये सकाळी सकाळी जाऊन बसतेस, तिथून येऊन ऑफिसला जातेस, हे मी बघतच होतो. बर्लिनचं मात्र ठाऊक नव्हतं. ते ऐकल्यापासून झोप नाही.

म्हणून हे पत्र. त्या दिवशी तुझे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. पिंडांच्या मागच्या वाटेने एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. तिने पिशवीतल्या पावाचा तुकडा मोडून कुत्र्याला टाकला. कुत्र्याने नुसता हुंगला. तो तुकडा पिंडाच्या शेजारीच पडला होता. कावळा त्याच्यासाठी उतरला, तुकडा चोचीत धरला आणि तो धरताना चोच भाताला लागली. तुझ्या शब्दाला तो आला नव्हता, पोरी, पावाला आला होता. तेव्हा तू रडत होतीस, तुला सांगण्यात काय अर्थ होता. आणि मला एकट्याला कऱ्हाडला पाठवणार नाहीत, हे ऐकून माझाही जीव भांड्यात पडला होता. पण चारूने तुझ्याकडून तसलं काही मागितलेलं नाही. त्याला माझी नव्हे, तुझी काळजी असणार. माझा परवाना दिवाळीपर्यंत आहे. तो वाढवू नकोस. माझी भाची मुक्ता कऱ्हाडला खालची खोली रिकामी करून देते म्हणाली, मीच तिला फोन केला. विमानात एकट्याने बसायची भीती वाटते, पण चाकाची खुर्ची मिळते असं निहार म्हणाला. तू बर्लिनला कळव. आणि काओरला नदी आहे, गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घालून जाते, नकाशावर पाहिली मी. स्पेन फार लांब आहे, एवढ्या उन्हात त्याला घेऊन फिरू नकोस, त्यालाही ऊन सोसायचं नाही. सकाळी उन्हाआधी काठावर जा. पाण्याकडे पाठ कर, खांद्यावरून टाक, वळून बघू नकोस. त्याच्याशी काय बोलायचं असेल ते आधी बोल. फक्त या खेपेला माझं नाव घेऊ नकोस.

तुझाच,
अण्णा