भुशाची जागा आणि चिमाजीची चकमक

मी, आक्काबाई चिमाजी खातळे, वय सत्तरीच्या पुढे (शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, खरे माझ्या आईला ठाऊक होते), मूळ राहणार करंजवाडी, तालुका इगतपुरी, सध्या मुक्काम मुलगा धनराज याच्या फ्लॅटवर, गंगापूर रोड, नाशिक, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पाय ठिकाणावर नाहीत, ते कधीच नव्हते. कोणी धाक दाखवून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. उलट सून साधना दोनदा म्हणाली, "आई, जरा बसा की." बसून लिहवत नाही, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्याने लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत. वकिलाने नमुना दिला होता, त्यातले पहिले वाक्य घेतले, बाकीचे त्यालाच राहू दे.

कलम १. करंजवाडीचे कौलारू घर धनराजला. तो तिथे राहणार नाही हे मला माहीत आहे. निदान कौले तरी चाळील. बँकेत असेल ते आणि गळ्यातले डोरले साधनाला. ती मला फार आवडते असे नाही, पण तोंडावर एक आणि मागे एक असे तिने कधी केले नाही. या घरात तेवढे एकच माणूस तसे आहे.

कलम २. घरामागच्या टेकडीवरचा माळ, करवंदीच्या जाळीपासून ओढ्यापर्यंत. याला सगळे आता "भुशाची जागा" म्हणतात, ते का हे लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या कोर्टात कोणी विचारील.

धनराजची मुलगी तृप्ती. तिने फोन केला, "आजी, शनिवारी आपल्या माळावर बुशक्राफ्टवाले येणार, जागा तयार ठेव." मला ऐकू आले भुसा. राइस मिलमधून भाताच्या भुशाची पोती आणवली आणि माळभर अंथरली. शहरातली माणसे गोवऱ्यासुद्धा पाकिटातून विकत घेतात, तेव्हा भुशाचे काय करणार हे मी विचारले नाही. ती माणसे आली, त्यावरच झोपली आणि सकाळी सगळी अंग खाजवत बसली. ज्ञानेश नावाचा एक मुलगा म्हणाला, "आजी, हा कोर्सचा भाग आहे का?" मी म्हटले, "हो."

पुढे ती येतच राहिली. मी चुलीपाशी बसवून एकेकाला विचारले, रानात येऊन उघड्यावर राहायचे, हे तुमचे बुशक्राफ्ट म्हणजे काय रे? कोणाचे उत्तर कोणाशी जुळले नाही. ज्ञानेशचे म्हणजे सुऱ्या. कमरेला सुऱ्यांची रांग, प्रत्येकीचे काम वेगळे म्हणतो, आणि कांदा चिरायला माझी विळी मागतो. समाधान अंबडच्या कारखान्यात पाळीवर आहे, तो दोन झाडांना झोळी बांधतो आणि झोपतो. म्हणतो, "आजी, इथं भोंगा नाय." आशाबाई शाळेत शिकवतात. नवरा गेल्यापासून दीर, भाऊ, शेजारी, सगळे त्यांच्या हातातले काम काढून घेतात. त्या ताडपत्री स्वतः बांधतात. वाऱ्याने उडवली, पुन्हा बांधली. मदतीला कोणी उठले की डोळे वटारतात. काही जण नुसते फोटो काढून जातात, त्यांचे मी धरत नाही. तृप्तीचे म्हणणे असे, की आपण उठून गेल्यावर तिथे आपण होतो हे कळता कामा नये. राखसुद्धा पसरून टाकते. भिंत नको, सिमेंट नको.

मला विचारले तेव्हा मी सांगितले, आम्ही याला सरपण म्हणायचो, आणि गॅस आला त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

धनराजने विचारल्याशिवायच सांगितले. "तुमची हौस होते. मी शाळेच्या आधी मोळी आणायचो. पाऊस आत येणार नाही अशी एक भिंत मागायचो, ती नाय मिळाली. आता बांधतो म्हणतोय तर पोरगी आडवी पडतीये." त्याला माळावर खोल्या काढायच्या आहेत, संडास-बाथरूमसकट.

यावरून बापलेकीचे बोलणे बंद आहे. एका टेबलावर जेवतात आणि "आजी, पप्पांना सांग मीठ इकडे द्यायला," असे चालते. मी पोस्टमन नाही. दोघांनीही मला वेगवेगळे गाठून विचारले, जागा कोणाच्या नावे करणार? दोघांनाही मी म्हटले, अजून मेले नाही.

कलम १ मध्ये एक राहिले. हंडे आणि पाटा-वरवंटा साधनाने ठेवावा. जाऊ सुमनबाई मागायला येईल, देऊ नये. माझ्या लग्नात मांडवात उभी राहून तिने सगळ्यांना सांगितले होते, "ही टिकायची नाय, हिचे पाय बघा." टिकले. पण ते ऐकले ते ऐकले.

कलम ३. चकमक. माझे मालक चिमाजी रेल्वेत गँगमन होते, घाटात वाऱ्यापावसात बिडी पेटवायला त्यांच्याकडे चकमक असे. एक लोखंडी तुकडा, एक गारगोटी आणि बांबूच्या नळीत सावरीचा कापूस. ती माझ्या ट्रंकेत आहे. मला ती कधी पेटवता आली नाही. बुशक्राफ्टवाले म्हणतात आजी दाखवा, मी म्हणते काडेपेटी आणा.

गेल्या भाद्रपदात माळावर झिमझिम चालू होती, लाकडे ओली. काडेपेटी सादळली, म्हणून मी ट्रंकेतली चकमक काढून दिली. ज्ञानेशने ती घासून बोटे सोलून घेतली. तृप्तीला जमेना, आशाबाईंना जमेना. एवढ्यात मला नाशिकला न्यायला धनराज गाडी घेऊन आला. ऑफिसचे बूट, इस्त्रीची पँट. उभा राहून बघत होता. मग चिखलात गुडघा टेकला, ज्ञानेशच्या हातातून चकमक घेतली, नळीतला कापूस गारगोटीवर अंगठ्याने दाबला आणि हाणली. धूर आला. ओंजळीत धरून फुंकर घातली, खाली ठेवले, पेटले. बापाचीच लकब, मान तिरकी.

तृप्ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला येतं?"

तो रुमालाला हात पुसत म्हणाला, "आई, गाडीत बस."

त्या दिवशी ती त्याच्याशी थेट बोलली, तेवढेच. मी गाडीत बसून सगळ्या रस्त्याने त्याच्या मानेकडे बघत होते. मोळीचा घट्टा अजून आहे.

तेव्हापासून मला या फ्लॅटमध्ये चैन पडत नाही. गॅस एका बटणावर पेटतो, हाताला काही करायला राहत नाही. परवा गॅलरीत लोखंडी पाटी ठेवून थोडी लाकडे पेटवली. वॉचमन धावत वर आला, खालच्या बाईने आरडाओरडा केला. धनराज ओरडला, "आये, ही सोसायटी हाय, रान नाय!" रागात त्याची भाषा करंजवाडीला जाते, पाय जात नाहीत. मी उद्याच्या पहिल्या एसटीने जाते आहे. तो म्हणाला, तिथे एकटी मेलीस तर? मी म्हटले, तर वॉचमनला त्रास नाही.

म्हणून शेवटचे सांगते. माळ धनराज आणि तृप्ती दोघांच्या नावे, न वाटता. दोघांच्या सह्यांशिवाय तिथे वीट लागणार नाही, आणि दोघांच्या सह्यांशिवाय वीट कायमची नाकारताही येणार नाही. म्हणजे बोलावे लागेल, थेट, मधे मी नसेन. दोघांपैकी कोणीही कोर्टाची पायरी चढले तर सगळा माळ सुमनबाईला. ती नको म्हणणाऱ्यातली नाही.

ज्ञानेशला माझा कोयता. बाकी सुऱ्या त्याने घरी ठेवाव्यात. आशाबाईंना माझी ताडपत्री द्यायची होती, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाला. बाईंनी साक्षीदार होणे पसंत केले.

चकमक धनराजला. मी गेल्यावर मला माळावरच न्यावे. डिझेल, रॉकेल, कापूर, काडेपेटी, लायटर यांतले काही वापरू नये. विस्तव धनराजने चकमकीने पाडावा, आणि तृप्तीने शेजारी बसून कापूस कसा दाबायचा ते बघावे. मग एकदा त्याने विझवावा आणि तिने पाडावा. पाऊस असेल, कापूस ओला असेल, पहिल्यांदा जमणार नाही. घाई करू नये, एकमेकांवर ओरडू नये. तिला जमेपर्यंत मला तशीच ठेवावी. मी थांबते, आयुष्यात पहिल्यांदा.

हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. सुरुवात गंगापूर रोडला उभ्याने केली, शेवट करंजवाडीत, घराच्या पायरीवर, सह्या माळावर.

सही: आक्काबाई चिमाजी खातळे

साक्षीदार:
१. समाधान, राहणार अंबड (सहीपुरता उठवला)
२. आशा, शिक्षिका, राहणार नाशिक

ठिकाण: भुशाची जागा, मौजे करंजवाडी, तालुका इगतपुरी, जिल्हा नाशिक
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार. झिमझिम.