साहेबांची नळी, मामीची नळी

तीर्थरूप मामींना,

कंबरेतून वाकून नमस्कार (खरंच वाकलोय, टेबल बुटकं आहे). तुमचे गुडघे काय म्हणतात? मामा अजून घोरता घोरता 'मी जागाच आहे' म्हणतात का? मी मजेत. तुमची लेक, म्हणजे आमची ताई, शुक्रवारपर्यंत मजेत आहे. शुक्रवारपर्यंतच का, ते पुढे येईल.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून ताईने मला तिच्या प्रयोगशाळेत नळ्या धुवायला ठेवलं. दहावीला मला विज्ञानात किती पडले होते ते तुम्ही तिला सांगितलं नाहीत, हे मी जन्मभर विसरणार नाही. आता मात्र मला सगळं कळतं. पेशीत म्हणे डीएनएचं एक जाडजूड पुस्तक असतं. त्यातलं हवं तेवढंच पान, म्हणजे एक जनुक, उतरवून घ्यायचं. उतरवणारं प्रथिन एकच, पण ते महाशय एकटे हलत नाहीत. आधी एकाने येऊन जागा धरायची, दुसऱ्याने पान उलगडायचं, तिसऱ्याने हाका मारायच्या, आणि सगळा गोतावळा जमून एकमेकांना चिकटला की मग कुठे लिहायला सुरुवात! (इथल्या ऑफिसात मी नवा झाडू मागितला तेव्हा अगदी हेच झालं. फरक एवढाच, की पेशीत शेवटी काम होतं.)

आता या प्रथिनांची नावं म्हणजे अक्षरं आणि आकडे, गाड्यांच्या नंबरप्लेटसारखी. माझ्या डोक्यात राहीनात. म्हणून मी त्यांच्या नळ्यांना माणसांची नावं दिली. जे दारात ठाण मांडून बसतं आणि कुणाला पानापर्यंत पोचू देत नाही, ते 'मोठे साहेब'. आणि जे स्वतः एक अक्षर लिहीत नाही, पण मध्ये उभं राहून याचा निरोप त्याला, त्याचा रुसवा याला करत सगळ्यांना कामाला लावतं, ते 'मामी'. ताई हसली, म्हणाली, राहू दे.

तर, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधल्या नळ्यांना खास लेबलं लागतात. ती संपली होती आणि नवी मागवायला सात सह्या (वर झाडू पहा). मी वह्यांवरची लावली. गारठ्याने त्यांचा गोंद सुटला. एका सकाळी उघडून बघतो तर 'मोठे साहेब' आणि 'मामी' दोघंही खाली पडलेले. मी अंदाजाने परत चिकटवली. माझा अंदाज तुम्हाला माहीतच आहे.

मग ताईने दर वेळी एक नळी वगळून पानाच्या किती नकला निघतात ते मोजलं. 'मामी' वगळली, काम तिप्पट. 'मोठे साहेब' वगळले, सगळं ठप्प! सगळी पुस्तकं नेमकं उलटं सांगतात. ताईला वाटलं, शोध लागला. तेवढ्यात खरे मोठे साहेब, म्हणजे इथले प्रमुख, आले, फळ्यावर वाचलं, 'साहेब नसले की सगळं ठप्प', आणि असे फुलले की ताईच्या प्रकल्पाच्या मुदतवाढीचा सहा महिने पडून असलेला कागद मागवून उभ्या उभ्या सही ठोकली. वर म्हणाले, "शुक्रवारी बाहेरून तज्ज्ञ बोलावतो. त्यांच्यापुढे मांडा."

खरं सांगायला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा ताई गुणगुणत होती. दुसऱ्यांदा म्हणाली, "गधड्या, तुझा पायगुण चांगला निघाला रे!" तिसऱ्यांदा मी नळ्या धुतल्या. धुतलेल्याच.

तुमचा भाचा,
(तुम्ही ज्याला 'उपद्व्याप' म्हणता तोच)

ता. क. : खरं काम राहिलंच. शुक्रवारच्या आत ताईला फोन करून तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती रडेल, माझ्या तोंडून ऐकलं तर मी रडेन.

ता. क. २ : सध्या इथे 'मामी' म्हणजे कामात खोडा घालणारी बाई अशी ख्याती आहे. लिफ्ट अडकली तरी शिपाई म्हणतो, "मामी काढा." मनावर घेऊ नका.

ता. क. ३ : फोन करू नका. मी पाकीट आणायला गेलो आणि ताईने हे वाचलं. सरळ साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी विचारलं, "म्हणजे मी नसलो की काम तिप्पट?" ताई (लेक कुणाची!) म्हणाली, "प्रयोग तसं म्हणतोय, सर." साहेबांनी सही केलेला कागद खणात टाकला आणि किल्ली खिशात. आता ताई साहेबांशी बोलत नाही, साहेब ताईशी बोलत नाहीत, माझ्याशी तर दोघंही नाहीत. सगळं ठप्प. मामी, सकाळची पहिली गाडी पकडा.