सव्वीस पौंड हवा

समडोळी, ता. मिरज
११ डिसेंबर १९७७

तीर्थस्वरूप रामगोंडामामांना चंदनबालाचा पाया पडून जयजिनेंद्र.

मस्कतच्या उन्हात तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. (आजी म्हणते, आशा कसली करतेस, तिथं भात मिळतो का ते आधी विचार. तर भात मिळतो का?) इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आजीचा गुडघा दुखतो, म्हैस आटली आहे, आणि अण्णांना गेल्या रविवारपासून कानात शिट्टी ऐकू येते. तिचं कारण पुढे येईलच. एकंदरीत क्षेम.

तुमचं पत्र मिळालं. टायरविषयी तुम्ही त्यात दोनच वाक्यं लिहिली आहेत. हवा सव्वीस पौंड ठेवायची, आणि टायर कुठले घ्यायचे ते तू ठरव. पहिलं वाक्य समजलं. दुसऱ्यानं माझी झोप उडाली. तुम्हाला माहीत आहेच, चौथीपर्यंत मी घरातच शिकले. आजीनं अक्षरं गिरवून घेतली, अण्णांनी पाढे घेतले, आणि पान उलटायचं तरी ‘उलटू का?’ असं विचारायची जी सवय लागली, ती बी.एस्सी. झाले तरी गेली नाही. या घरात मला पुष्कळ मिळालं, पण ‘तू ठरव’ असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे आभार कसे मानावेत ते मला कळेना, म्हणून जे जे झालं ते सगळं सविस्तर लिहिते. काही लपवणार नाही. (कृष्णातचं एक वाक्य गाळलं आहे. ते गाळण्यासारखंच होतं.)

खरं तर प्रश्न टायरचा नव्हता, नोकरीचा होता. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत मला जानेवारीपासून विज्ञान शिकवायला घेतलं आहे. शाळा पाचला सुटते. त्यानंतरची आमच्या गावची एस.टी. दिवे लागल्यावर पोचते, आणि आपल्या घरात सूर्य मावळला की कुणी घास घेत नाही. म्हणजे मी रोज उपाशी झोपायचं. माझी तयारी होती. अण्णांची नव्हती. “लेकीला उपाशी ठिऊन कसला पगार आणायचा गं?” असं म्हणून ते उठून गोठ्यात गेले. गोठ्याशेजारीच तुम्ही मस्कतला जाताना ठेवून गेलेली पिवळी गाडी उभी होती, मागचं दार डब्याच्या झाकणासारखं वर उघडणारी. तिनं मी उजेडी घरी पोचले असते. चालवायला मला कृष्णातनं शिकवलं आहे आणि परवानाही मिळाला आहे. (कृष्णात म्हणजे आमचा ट्रॅक्टर चालवतो तो. मूळचा कोरेगावकडचा, लष्करात ड्रायव्हर होता. अजूनही वळणावर हात दाखवतो तो सलाम केल्यासारखा.) पण मामा, तुम्ही ती गाडी घाटांतून इतकी पळवली आहे की टायर पाटीसारखे गुळगुळीत झाले होते. रागावू नका. धाकट्या बहिणीनं एका टायरवर खडूनं चित्र काढलं होतं आणि ते सुरेख उठलं होतं.

टायर घ्यायचे हे ठरलं, आणि घरातल्या प्रत्येकाचं त्यावर मत आहे हे कळलं. आजीनं विचारलं, रबर कशाचं? मी सांगितलं, झाडाच्या चिकाचं. चरबी असते का? ते मला माहीत नव्हतं, म्हणून सांगलीच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदारानं आईची शपथ घेऊन सांगितलं की त्याच्या दुकानात अंडंसुद्धा येत नाही. उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, पण आजीचं समाधान झालं. मग तिची दुसरी शंका निघाली. नव्या टायरला खोल खाचा असतात, त्यांत मुंग्या अडकतात. त्यापेक्षा गुळगुळीत टायर बरा, त्याच्याखाली सापडल्या तरी फरफटत न जाता निदान एका जागी तरी पडतील. मला रात्रभर मुंग्या दिसत राहिल्या. अण्णांना उसाच्या ट्रॉलीचे असतात तसे जाड टायर हवे होते, कारण ते फुटलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. कृष्णातला मिल्ट्रीचे हवे होते. “ताई, असला टायर घ्या की गाडी भितीवर चढली पायजे,” म्हणाला. मला भिंतीवर चढायचं नाही, सांगलीला जायचंय, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “रस्ता बघितलाय न्हवं सांगलीचा?”

सांगलीत तुमच्या गाडीच्या मापाचे टायर मिळाले नाहीत. कृष्णातच्या ओळखीचे साताऱ्यात लालासाहेब म्हणून टायरवाले आहेत, त्यांच्याकडे होते. तेव्हा अण्णांनी अट घातली. जाताना गाडी कृष्णात नेईल, बैलाच्या चालीनं. येताना तू चालवायची, मी शेजारी बसणार. सूर्य मावळायच्या आत घरी ताटावर बसलीस, तर नोकरी कर. न्हाईतर पुन्हा नाव काढायचं न्हाई. मी ‘बरं’ म्हटलं आणि आत जाऊन रडले. (हे त्यांना सांगू नका. त्यांना माहीत आहे.)

लालासाहेबांकडे तीन तऱ्हा होत्या. जुन्यावर नवं रबर चढवलेले, ते स्वस्त. नायलॉनचे नवेकोरे, जाड खाचांचे, उभे राहिले की पैलवानासारखे. आणि कोपऱ्यात टांगलेले चार परदेशी रेडियल, कुणीतरी बाहेरून आणलेले आणि वर्षभर न खपलेले. कारण सांगायला नकोच. हवा भरली तरी ते खाली दबून पोट सुटल्यासारखे दिसतात. दुकानातली माणसं त्यांना ‘आजारी’ म्हणत होती. अण्णांचा आणि कृष्णातचा हात एकाच वेळी पैलवानांवर पडला. मी मात्र त्या मुंग्यांमुळे एक प्रश्न तयार करून नेला होता, तो घाबरत विचारला: ब्रेक दाबल्यावर यांतल्या कुठल्या टायरनं गाडी लवकर थांबते? खाचा कितीही असोत, जी गाडी वेळेवर थांबते तिच्या हातून हत्या कमी होणार, असा माझा हिशेब होता. लालासाहेब माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “बाई, हितं येणारं मानूस इचारतंय किती वर्सं पळंल. थांबायचं कुनी इचारलं न्हाई आजवर.” मग नाइलाजानं त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “पर दिसायला बरं न्हाईत हां. मागनं तक्रार नगं.”

मी अण्णांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. तुमची आठवण झाली, डोळे मिटले आणि म्हटलं, हेच द्या. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

टायर बसवून होईपर्यंत मी दुकानाच्या आत पाणी प्यायला गेले. तेवढ्यात कृष्णातनं काय करावं? त्याला ते पोट बघवेना. त्यानं पंप लावला आणि चारही टायर ताठ होईपर्यंत हवा भरली. वर काठीनं एकेकाला मारून बघितलं. “आता कसं? ठन्न वाजतंय!” अण्णा प्रथमच हसले. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी गाडीत बसले, अण्णांनी णमोकार मंत्र सुरू केला, कृष्णात मागे दुमडून बसला आणि आम्ही निघालो.

मामा, गाडी चालत नव्हती, उडत होती. प्रत्येक खड्ड्याला ती बेडकासारखी वर जायची आणि अण्णांचा मंत्र मध्येच तुटायचा, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. उंब्रजपर्यंत त्यांचा एकही पुरा झाला नाही. मला वाटलं, निवड चुकली. नोकरी गेली. वर्षभर कुणी न घेतलेली वस्तू घेणारी मी कोण मोठी शहाणी? मग गाडीतच ठेवलेलं तुमचं पेनासारखं हवा मोजायचं यंत्र आठवलं. गाडी कडेला घेतली आणि मोजलं. चाळीसच्या वर! कृष्णात आभाळाकडे बघायला लागला.

मी किल्लीचं टोक लावून हवा सोडायला बसले. ती फस्स करून जी सुटली, तीच अण्णांच्या कानात बसली आहे. “अगं काय करतीयास? पैसे देऊन भरलेली हवा सोडतीयास?” मी म्हटलं, मामांनी सव्वीस सांगितलीय. “मामा मस्कतात हाय! गाडीत मी बसलोय!” कृष्णात म्हणाला, “ताई, मिल्ट्रीत असं क्येलं तर क्वार्टर गार्डात टाकत्यात.” (म्हणजे लष्करी कोठडीत. गाळलेलं वाक्य यानंतरचं.) आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांचं ऐकत नव्हते. चारही चाकं सव्वीसवर आणली. टायर पुन्हा आजारी दिसायला लागले. पुढे कऱ्हाडपर्यंत जो भेटेल तो हात करून ओरडत होता, “आवं, हवा कमी हाय!” सायकलवाले, बैलगाडीवाले, एक वरातसुद्धा. अण्णा दरवेळी खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवायचे. गाडी मात्र आता रस्त्याला धरून चालली होती. मंत्रही पुरे होऊ लागले.

इस्लामपूरच्या अलीकडे रस्ताभर उसाचं पाचट सांडलं होतं आणि वळणावर अचानक मेंढरं आली. सगळा कळपच रस्त्यावर. मी ब्रेक दाबला आणि बाकीचं देवावर सोपवलं. गाडी सरकली नाही, फिरली नाही, जागच्या जागी थांबली. समोरचं कोकरू दिव्याला नाक लावून वास घेत होतं. अण्णांनी खाली उतरून ते कोकरू उचललं, सगळीकडून तपासलं आणि पुन्हा खाली ठेवलं. बिराप्पा नावाचा तो धनगर धावत आला. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. त्यानं चाकं पाहिली, आणि फार काळजीनं म्हणाला, “बाई, हवा गेलीया की तुमची.” अण्णा एकदम उखडले. “गेली न्हाई! सोडलीया! सव्वीस ठेवायची असती!”

कळप निघून जाईपर्यंत ऊन पिवळं झालं. आष्ट्याच्या पुढे सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला होता. मी जपूनच चालवत होते, तेव्हा शेजारून, मंत्राच्या मधेच, अगदी हळू आवाज आला, “चंदन, जरा पळव की.” आम्ही पोचलो तेव्हा आजी ताटं वाढून दारात उभी होती. मी हात धुतले नि बसले. शेवटचा घास घेतला तेव्हा अंगणात अजून उजेड होता. आजी तसं कुणालाही शपथेवर सांगेल.

अण्णांनीही ताट संपवलं. हात धुऊन उठले आणि आजीला म्हणाले, “जानेवारीपासनं हिचं ताट शाळा सुटून आल्यावर वाढत जा. आधी वाढलंस तर गार हुतंय.”

मामा, मी हे लिहीत असतानाही माझे डोळे भरून येतात. तुम्ही गाडी ठेवलीत त्याचे उपकार आहेतच. पण टायर कुठले, ते तुम्ही सांगितलं नाहीत, याचे जास्त आहेत. परमेष्ठी तुम्हाला उदंड आयुष्य देवोत. उन्हात टोपी घालत जा.

तुमची भाची
चंदनबाला

ता. क. तुम्ही चैत्रात येऊन गाडी पुण्याला नेणार असं लिहिलं आहे. तुमच्या येण्याची आम्ही सगळे आतुरतेनं वाट पाहतो आहोत. तुम्ही याच. परंतु शाळा उन्हाळ्यानंतरही असते असं ऐकलं आहे. पुण्यात बस फार चांगल्या आहेत म्हणतात.

ता. क. २. वरचं वाचून अण्णा म्हणाले, असं आडून काय लिहितीयास, गाडी मिळणार न्हाई असं सरळ लिही. मला तसं लिहिता येत नाही, म्हणून त्यांचंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं आहे.

ता. क. ३. हे पत्र टाकायला मी गाडीनं सांगलीला निघाले आहे. गावातली पेटी आमच्यापासून चार घरांवर आहे, पण तिच्यातली पत्रं उशिरा निघतात, असं मी घरात सांगितलं आहे. ते खरं आहे का, याची चौकशी मी अजून केलेली नाही. परत आल्यावर करीन.